यंत्रात न मावलेल्या एकतीस चुली

तुमच्या गावात चुली किती आहेत, सांगा बघू? घरं नव्हे, उंबरे नव्हेत, रेशनकार्डं तर नव्हेतच. चुली. नाही ना सांगता येत? मग मानसिंग हवालदाराला नावं ठेवायची घाई करू नका. त्याच्या गावच्या चुलींचा आकडा त्याला तोंडपाठ होता. चारशे बारा. आकडा पाठ असलेल्या माणसाच्या हातूनच हे घडलं, म्हणून तर सांगायचं.

मानसिंग शेडगे जांभूळदऱ्याचा. जांभूळदरे म्हणजे डोंगराच्या खोबणीत बसलेलं गाव, खाली नदी, आणि नदीवर धरणाची भिंत वर वर चढत चाललेली. हा गडी वीस वर्षं पलटणीत सिग्नलवर होता. बर्फातसुद्धा वायरलेस दुरुस्त करायचा. हवालदार होऊन पेन्शनीत आला आणि गावात न राहता कऱ्हाडात दोन खोल्या घेऊन राहिला. पुढच्या खोलीत रेडिओदुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत बायको शालूबाई, तिची चूल, आणि चुलीपासून चार हातांवर एका टेबलावर तो कॉम्प्युटर.

होय, कॉम्प्युटर. एकोणऐंशी साली, कऱ्हाडात, पत्र्याच्या खोलीत. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे चिंतामणराव गद्रे यांच्या पुतण्यानं तो अमेरिकेहून आणला होता. टाइपरायटरसारखी बटणं, एक छोटा टीव्ही आणि सगळं साठवायला कॅसेटचा टेप. चिंतामणरावांकडे तो एक दिवस धड चालला नाही. शिकलेल्या माणसाचं असं असतं, वस्तू चालली नाही की ती कपाटावर जाते. त्यांनी ती मानसिंगला दिली. दुरुस्त झाली तर वापर, म्हणाले, माझ्याकडे नाहीतरी धूळच खाते आहे.

टीव्ही आला म्हणून पहिले चार दिवस गल्लीतल्या बाया दारात येऊन बसल्या. सिनेमा लागेल अशी त्यांची समजूत. पडद्यावर नुसते पांढरे आकडे बघून त्या उठून गेल्या. एक जाताना म्हणाली, शालूबाई, तुमच्या टीव्हीवर पाढे लागत्यात वाटतं.

मानसिंगनं यंत्र उघडलं आणि रोग पंधरा दिवसांत हुडकला. त्या यंत्राची मेमरी म्हणजे आठ चिपा होत्या, बारा-चौदा पायांच्या काळ्या झुरळांसारख्या, दोन-दोनच्या चार जोड्या. सांगितलेलं सगळं यंत्र त्यात भरून ठेवतं, कणगीत जोंधळं भरावं तसं. एक चिप गेली की तिची जोडी गेली, आणि जोडी गेली की पाव कणगी गेली. त्यानं सगळ्या चिपा उपटल्या, खोडरबरानं पाय घासले, पुन्हा बसवल्या. तरी यंत्र उठेना. मग बोट लावून बघितलं. एक चिप तव्यासारखी तापत होती, आणि ती नेमकी पहिल्या जोडीत होती. यंत्र पहिल्या जोडीपासून वाचायला लागतं, तिथंच ठेच लागली की पुढं जात नाही. मानसिंगनं ती आजारी जोडी काढून सगळ्यात शेवटी नेऊन बसवली. बटण दाबलं. यंत्र उठलं. पाऊण मेमरीचं का होईना, उठलं.

चिंतामणराव सायकलवरून बघायला आले आणि उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "हवालदार, मी हे सहा महिने पुस्तकात शोधत होतो." नव्या दोन चिपा पुतण्याकडून मागवून देतो, महिन्याभरात येतील, असा शब्दही त्यांनी दिला. हा महिना लक्षात ठेवा.

आता गावाकडं या. धरणात जाणाऱ्यांना जमीन मिळणार होती ती कवठे महांकाळच्या बाजूला, माळावर. पण द्यायची कुणाला? पुनर्वसनाच्या कचेरीची यादी होती सातबाऱ्यावरनं केलेली, दोनशे नव्वद खातेदारांची. सातबाऱ्यावर मेलेला आजा जिवंत असतो आणि जिती सून नसतेच. गावानं ओरडा केला तेव्हा साहेब म्हणाले, बरं, तुम्हीच यादी द्या, वेगळी चूल ते वेगळं कुटुंब धरू. कुणाची किती जमीन बुडते, खाणारी तोंडं किती, त्या क्रमानं लावून द्या. वीस दिवस देतो.

गावसमितीचे अध्यक्ष आप्पासो. त्यांनी आठ दिवसांत सहा याद्या केल्या आणि सहाही चावडीवर फाडल्या गेल्या. कारण उघड होतं, जो लिही त्याची भावकी वर. सातव्या वेळी कुणीतरी मानसिंगच्या यंत्राचं नाव काढलं. आप्पासोंनी मान डोलावली. "यंत्राला भावकी नसती," म्हणाले. "ते लावंल तो क्रम. कुनी ब्र काढायचा न्हाई."

मानसिंगची छाती भरून आली. गावानं पहिल्यांदा त्याला नुसता पेन्शनर न म्हणता काम सांगितलं होतं.

चुली मोजायची रीत त्याला राहीबाईनं शिकवली. राहीबाई त्याची थोरली बहीण, त्याच गावात दिलेली. नवरा मेल्यावर दीर केरबा तिला नि तिच्या लेकीला ताटात उरेल तेवढं वाढायचा. दोन वर्षं तिनं ते गिळलं आणि मग वेगळी निघाली. जांभूळदऱ्यात बाई वेगळी निघाली की तिच्या भावानं यायचं, नदीतले तीन धोंडे आणायचे, मांडायचे आणि पहिली काडी लावायची. भावानं चूल मांडली की गाव ती चूल मानतं, मग दिराला त्यात बोलता येत नाही. मानसिंग अडुसष्ट साली सुट्टी काढून आला होता तो त्यासाठी. वर्दीवरच नदीत उतरला होता.

तर राहीबाई म्हणाली, "दारोदार इचारत बसू नगं. मान्सं कमी सांगत्यात न्हाईतर जादा. सकाळच्या पारी भैरोबाच्या टेकावर जा आन धूर मोज. धूर कवा खोटं बोलत न्हाई."

तीन दिवस तो टेकावर गेला. राहीबाई शेजारी उभी राहून बोटानं दाखवायची, ती तानुबाईची, ती केरबाची, आणि ती दोन घरांच्या मधली बारकी, ती माझी. चारशे बारा धूर. मानसिंगनं पलटणीच्या सवयीनं वहीत एकेका चुलीला नंबर दिला. पुढं नाव, जमीन, तोंडं. राहीबाईचा नंबर दोनशे सात. जमीन शून्य, तोंडं दोन.

वही घेऊन तो कऱ्हाडला आला, तेव्हा कचेरीच्या वीस दिवसांतले सहा उरले होते.

यंत्राला नावांशी घेणं नव्हतं, नावं वहीत राहणार होती. यंत्रात फक्त नंबरवार आकडे घालायचे, एका चुलीचे दोन. बुडणारे गुंठे आणि खाणारी तोंडं. मग यंत्र क्रम लावणार. सकाळी भरायला बसला. एकशे ब्याण्णव चुली गेल्या आणि पडद्यावर शब्द आला, सॉरी.

मेमरी संपली की ते यंत्र एवढंच म्हणायचं. शालूबाईनं विचारलं, काय म्हनतंय. तो म्हणाला, माफी मागतंय, जागा न्हाई म्हणतंय. शालूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "लय चांगल्या वळनाचं हाय. घरातल्या मान्सांनी शिकावं."

मानसिंग डोक्याचा पक्का. त्यानं दोन आकड्यांचा एक केला. गुंठ्यांना शंभरानं गुणलं आणि त्यात तोंडं मिळवली. म्हणजे ऐंशी गुंठे आणि सात तोंडं, तर आठ हजार सात. एका चुलीला एकच आकडा, जागा निम्मी. ही युक्ती त्याला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. पण तेवढी फोड करायला यंत्राला जास्तीच्या ओळी सांगाव्या लागल्या आणि त्या ओळींनी मेमरी खाल्ली. मग त्यानं ओळी कापायला घेतल्या. स्वतःच्या समजुतीसाठी लिहिलेल्या टिपा काढल्या. दोन ओळींची एक केली. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा सोडली नाही. दुपारी पत्रा तापला की चांगल्या चिपाही बिघडायच्या, म्हणून शालूबाईचा टेबलफॅन यंत्राकडं तोंड करून लावला आणि ती बिचारी पदरानं वारा घेत बसली. चौथ्या दिवशी हिशेब लागला. यंत्रात तीनशे पंच्याऐंशी आकडे मावतात. त्यापुढं एकही नाही.

चारशे बारामधून सत्तावीस चुली बाहेर.

तो चिंतामणरावांकडं धावला. चिपा आल्या नव्हत्या. पुतण्याचं पत्रसुद्धा नव्हतं. ती एक जोडी बरी असती तर आणखी अडीचशे चुलींची जागा झाली असती. दोन बोटांएवढ्या दोन काळ्या तुकड्यांवर सगळं अडलं होतं. चिंतामणराव म्हणाले, अर्धी यादी यंत्रावर करा, अर्धी हातानं. मानसिंगला ते पटलं नाही. हातानं लावलेल्या अर्ध्या यादीत भावकी शिरणार आणि सातवी यादीही फाटणार.

परत आल्यावर तो वहीची पानं चाळत बसला. आणि त्याच्या ध्यानात आलं की काही चुलींपुढं जमीन शून्यच आहे. सगळ्या एकट्या बायांच्या. कुणी रांडमुंड, कुणी नवऱ्यानं टाकलेली. अशा चौतीस. त्यातल्या तिघींना दीर नाही नि भाऊ नाही. राहिल्या एकतीस. त्यांची तोंडं दिराच्या नाहीतर भावाच्या आकड्यात मिळवली तर एकही तोंड कमी होत नाही, जमीनही कमी होत नाही, आणि एकतीस जागा वाचतात. यादीच्या शेवटी लिहायचं, पुरवणी यादी मागाहून. पलटणीत हे रोजचं. पहिल्या मागणीत राहिलं की पुरवणी जाते आणि पुरवणी येतेच. वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

पण गरज सत्तावीस जागांची होती. एकतीसमधल्या चौघी ठेवता येत होत्या.

हवालदाराचं डोकं इथं फिरलं. कुणाला ठेवायचं? दोनशे सात नंबर ठेवला तर आप्पासो चावडीवर म्हणणार, बघा, यंत्राला भावकी नसती पर हवालदाराला हाय. त्याच्यानं ते ऐकून घेणं झालं नसतं. ठेवायच्या तर सगळ्या, काढायच्या तर सगळ्या. त्यानं पेन्सिल घेतली आणि एकतीसमध्ये पहिला राहीबाईचा नंबर खोडला, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. तिची दोन तोंडं केरबाच्या सातात मिळवली. केरबाची नऊ झाली.

यंत्र अडीच तास चाललं आणि सॉरी म्हणालं नाही. पडद्यावर नंबर एकाखाली एक उतरले. मानसिंगनं ते लिहून घेतले, पुढं नावं घातली आणि यादी आप्पासोंच्या हातात दिली. तीनशे एक्याऐंशी कुटुंबं. चावडीवर ती वाचली गेली तेव्हा कुणी ब्र काढला नाही. यंत्राची यादी. एकतीस बाया चावडीवर नव्हत्याच, बायांना तिथं कोण बोलावतो? आप्पासोंनी शेवटची ओळ बोट ठेवून वाचली, पुरवणी यादी मागाहून. बरं, म्हणाले.

आणि मानसिंगनं राहीबाईला सांगितलं नाही. चिपा आल्या की पुरवणी जाणारच होती. मग उगाच बाईमाणसाला घोर कशाला, असं त्यानं स्वतःला समजावलं.

कचेरीनं यादी हसत घेतली. गाव चारशेच्या वर कुटुंबं सांगंल अशी त्यांना धास्ती होती, आली तीनशे एक्याऐंशी. कारकुनानं शेवटच्या ओळीवर तांबडी रेघ मारली आणि खाली शिक्का उठवला, अंतिम.

वैशाखात माळावरच्या नव्या गावठाणात वाटप झालं. एक लिंबाचं झाड, खाली टेबल, टेबलामागं साहेब. ट्रकनं सगळं गाव आलेलं. मानसिंगही आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, कारण यादी त्याची होती. राहीबाई बायांत पुढं बसली होती. तिनं शेजारणीला सांगितलं होतं, माज्या भावाच्या मिशीननं यादी केली, माजं नाव यील आता.

नावं पुकारली जाऊ लागली. माणूस उठायचा, अंगठा द्यायचा, कागद घ्यायचा. दुपार टळली. केरबाचं नाव आलं. तोंडं नऊ, म्हणून त्याला दोन एकर जास्त. केरबा उठला तेव्हा आधी राहीबाईकडं बघून घेतलं आणि मग अंगठा दिला.

शेवटचं नाव झालं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. राहीबाई बसूनच होती. हळूहळू इतर बायाही इकडंतिकडं बघायला लागल्या. एकतीसच्या एकतीस. मग ती उठली, टेबलाकडं गेली नाही, मानसिंगकडं आली.

"केरबाच्या घरात किती मान्सं हायती रं?" तिनं विचारलं.

त्यानं बगलेतली वही दुसऱ्या हातात घेतली.

"सात हायती. मी मोजल्यात. मग ह्यो नऊ कसा म्हनला?"

मानसिंग सांगायला लागला. मेमरी, चिपा, तीनशे पंच्याऐंशी, पुरवणी. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. त्यातलं तिला किती कळलं कोण जाणे. पण जे कळायचं ते कळलं.

"म्हंजे मी त्याच्या नऊत हाय," ती म्हणाली. "धोंडं तू मांडलंस, मानसिंग. इस्तू तू लावलास. आन पुसलंस बी तूच व्हय?"

आक्का, म्हणून तो पुढं सरकला. ती ट्रककडं चालती झाली. केरबा मागनं म्हणाला, वयनी, घर तुमचंच हाय की. त्यावर तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मानसिंग साहेबांच्या टेबलाशी गेला. वही उघडली, चारशे बारा दाखवले. साहेब वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. म्हणाला, "हवालदार, ही यादी कुणाची? आमची की तुमची? आमच्यात या बाया नव्हत्या म्हणून तुम्ही भांडलात. मग तुमच्यातही नाहीत. आता मी काय करू?" याला उत्तर असेल तर तुम्ही द्या. पुरवणीचा अर्ज करा, साहेब म्हणाला. अर्ज केला. एक केला, तीन केले, सात केले. पलटणीतली पुरवणी आणि कचेरीतली पुरवणी यांत किती अंतर असतं ते तेव्हा कळलं.

ज्येष्ठात पाणी चढलं. जांभूळदरे गेलं. ट्रकात राहीबाईनं भांडी कमी घेतली आणि चुलीचे तीन धोंडे घेतले. पोत्यात बांधून, मांडीशी धरून.

चिपा आल्या कार्तिकात. महिन्याच्या बोलीवर आठ महिन्यांनी. काळ्या स्पंजात खोचलेल्या दोन. चिंतामणराव स्वतः घेऊन आले आणि त्यांना वाटलं हवालदार खूश होईल. मानसिंगनं आजारी जोडी काढली, नवी बसवली, वही उघडली आणि पहिल्या नंबरापासून भरायला बसला. बारकं काम, दोन दिवस गेले. दोनशे सातवर आल्यावर जमीन शून्य, तोंडं दोन घातलं आणि वहीतली पेन्सिलीची रेघ खोडरबरानं पुसली. चारशे बारा भरून झाले. यंत्र सॉरी म्हणालं नाही. निमूट क्रम लावून दिला. ती यादी घ्यायला आता जगात कुणी नव्हतं.

शालूबाईनं ते बघितलं. म्हणाली, "आवं, त्या टायमाला चार जागा मोकळ्या व्हत्या म्हनं?"

हे तिला कुणी सांगितलं, तर त्यानंच, तापात बडबडताना. व्हय, म्हणाला.

"मग आक्काला का न्हाई ठिवलं?"

"लोक बोललं असतं."

शालूबाई चुलीपाशी गेली आणि लाकडं मागं ओढली. त्या दिवशी त्या घरात रात्रीचा स्वयंपाक झाला नाही.

मार्गशीर्षात तो नव्या गावठाणात गेला. राहीबाई केरबाच्या पडवीत राहते. लेकीचं लग्न केरबानं त्याच्या सोयीनं उरकून टाकलंय. धोंडे परड्यात पडलेत, पोत्यातून सुटे, त्यावर कोंबड्या बसतात. मानसिंग म्हणाला, आक्का, मी मांडून देतो, हितंच, पडवीच्या कडंला. ती हरभरा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जागा कुनाची हाय? केरबाची. दुसऱ्याच्या जागंत चूल मांडत न्हाईत." मग सुपातले खडे वेगळे काढत राहिली. थोड्या वेळानं त्याला गुळाचा खडा आणि तांब्या दिला, भावाला देतात तसा. त्यानं पाणी घेतलं. साडेचारच्या एसटीनं तो परत आला.

यंत्र अजून टेबलावर आहे, वर शालूबाईच्या जुन्या लुगड्याचं फडकं. एकतीस जणींचा अर्ज अजून कचेरीत आहे. राहीबाईचा नंबर त्यातही पहिला घातलाय, या वेळी मानसिंगनं मुद्दाम.

आणि आता तुम्ही. धरण तुमच्याही वरच्या अंगाला कुठंतरी बांधलं जातंय. उद्या तुमच्या चावडीवर एक यादी येईल, सुबक, क्रमानं लावलेली, कुणी ब्र काढू नये अशी. ती यंत्रानं केली म्हणतील, साहेबानं केली म्हणतील, तुमच्याच भावानं केली म्हणतील. त्या यादीवर लगेच अंगठा देऊ नका. आधी एका सकाळी गावच्या टेकावर जा. बरोबर एखाद्या बाईला न्या, ज्या घरात कुणी जात नाही ते तिला ठाऊक असतं. आणि एक एक करून धूर मोजा.

दोन घरांच्या मधला बारका धूर सोडू नका, एवढं करा.